धोंडूबाईंचा हात

ऋतिकाच्या मानेभोवती काळा पट्टा उमटला, तेव्हा मनोरमाने, तिच्या आईने, आधी साबण, मग वजरी आणि शेवटी रॉकेल लावून पाहिलं. पट्टा हलला नाही. उलट हनुवटीवर मुरुमांचं पीक आलं. माणिकपूरच्या सराफाने ऋतिकाला दागिने घालून गिऱ्हाइकांना दाखवायच्या कामावर घेतलं होतं. दिवाळीपर्यंत गळा साफ झाला तर ठीक, नाहीतर दुसरी मुलगी बघतो, असं त्याने सौम्य शब्दांत सांगितलं.

मनोरमाने दृष्ट काढली. मिरच्यांचा कोळसा झाला, पण कुणाला साधा ठसका लागला नाही. म्हणजे दृष्ट जबर होती.

चिंचोटीहून श्रीपत भगताला बोलावलं. त्याने आल्या आल्या भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. फोटो तिच्या सासूबाईंचा, धोंडूबाईंचा.

"म्हातारीनं गला धरलाय पोरीचा. गोड खायाचं राहिलंय तिचं."

मनोरमाला पटलं. पाय कापावा लागल्यावरही सासूबाई उशाखाली पेढे लपवीत. उपाय सोपा होता. दर शनिवारी फोटोपुढे बेसनाचे लाडू ठेवायचे आणि दिवेलागणीला ज्याला धरलंय त्यानेच ते संपवायचे.

ऋतिका संपवत गेली. मुरुमं गालांवर चढली, पट्टा रुंदावला. मनोरमाने लाडवांचा आकार वाढवला. मग मंगळवारही धरला. पाळी चुकली, तेव्हा गुळाचा शिरा सुरू झाला. फोटोतले डोळे लाडवावरून हळूच पोरीच्या गळ्याकडे सरकताना तिने स्वतः पाहिले होते.

"आई, आजीचं पोट भरेना आणि मला ड्रेस होईना," म्हणत ऋतिका वडिलांना, शांतारामला, घेऊन डॉक्टर फ्लॉसी बॅप्टिस्ट यांच्याकडे निघाली. मनोरमाही डबा घेऊन मागोमाग गेली. मंगळवार होता.

डॉक्टरबाईंनी मान पाहिली, पाळीचं विचारलं, रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट आल्यावर सगळ्यांना पुन्हा समोर बसवलं.

"हा मळ नाही. शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, म्हणून ते जास्तच तयार होतंय. त्याने बाकीचे हार्मोन बिघडतात. पट्टा, मुरुमं, पाळी, सगळं त्यातलंच. गोड बंद आणि रोज चालायचं. घरात कुणाला डायबेटीस?"

"सासूबाईंना होता. पण त्या गेल्या."

डॉक्टरबाईंची नजर शांतारामच्या कॉलरवर थांबली. त्यांनी त्याला मानेवरचा रुमाल काढायला सांगितलं. खाली तोच पट्टा होता. लग्न झाल्यापासून मनोरमा त्या कॉलरी ब्रशने घासत होती.

घरी आल्यावर तिने फोटो उजेडात धरला. सासूबाईंच्या गळ्याशी ती आजवर जिला सावली समजत आली, तो तसाच काळा पट्टा होता. भगत खोटं बोलला नव्हता.

दिवाळीपर्यंत मुरुमं ओसरली, पट्टा फिका झाला. उरलासुरला ठुशीखाली झाकला गेला. नोकरी टिकली, आणि सराफाच्या ठुश्याही भरपूर खपल्या.

लक्ष्मीपूजनाला मनोरमाने फोटोपुढे काकडीच्या चकत्या ठेवल्या. सकाळी पाहते तर चकत्या तशाच, फराळाच्या डब्याचं झाकण उघडं आणि फोटोचं तोंड भिंतीकडे. शांतारामच्या मिशीत बेसन होतं.

"आई बघते म्हणून फोटो फिरवलात ना?" मनोरमाने विचारलं.

"लाडू मी खाल्ला," तो म्हणाला. "फोटोला हात नाही लावला."

आणि त्याचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडे गेला.