नामदेवकाकांच्या खिडकीतला तलाव

आमच्या एकोडी गावात लोक खिडकीला पडदा लावतात. नामदेवकाकांनी काकूंच्या पोटाची फिल्म लावली होती.

सकाळचं ऊन नेमकं त्या खिडकीत येतं. काका काडी घेऊन उभे राहत आणि दूधवाल्यापासून शेजारच्या माझ्यापर्यंत जो दिसेल त्याला आत ओढत. एमआरआयच्या काळ्या फिल्मवर पित्ताच्या नळ्या पांढऱ्याशुभ्र चमकत.

"हे वरचे नहर. हे बाजूची बोडी, म्हंजे पित्ताची पिशवी. अन् हा मोठा पाट खाली आतड्यात जाते. पयले तोंड पाहा."

'पयले तोंड पाहा' हे काकांचं सगळ्या अडचणींवरचं औषध. गावतलावाचं आणि बोड्यांचं, म्हणजे लहान तळ्यांचं, पाणी नहरांतून भाताच्या बांध्यांमध्ये सोडण्यात त्यांची हयात गेली. तलावाच्या तोंडाची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची, किल्ली त्यांच्या करदोड्याला. माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा चहाची किटली अडली. काकांनी ती भर बैठकीत उचलली, तोंडाला तोटी लावली आणि फुंकली. झाकण उडालं, चहापत्ती मुलाच्या बापाच्या सदऱ्यावर गेली. "झालं मोकळं," काका म्हणाले. पाहुणे जेवायला थांबले नाहीत.

मग काकूंचे डोळे पिवळे झाले. साकोलीच्या सोनोग्राफीत पित्ताची नळी फुगलेली दिसली, पण तिचं खालचं टोक आतड्यातल्या वायूआड गेलं. म्हणून नागपूरला एमआरआय. त्यात तो पांढरा पाट नीट खाली येत होता आणि आतड्यात उघडतो, तिथेच नाहीसा होत होता. डॉक्टर म्हणाले, तोंडाशी अडलंय. खडा की गाठ, ते दुर्बीण घालूनच कळेल.

काकांनी निकाल तिथेच लावला. तोंडाशी गाळच बसतो.

फिल्म गावभर फिरली. एसटीत काकांनी ती खिडकीला धरली आणि तिकीट काढण्याआधी कंडक्टरला पित्त समजावलं. सगळ्यांना शेवटचा प्रश्न एकच, "गाळच दिसते ना?" हो म्हणणाऱ्याला चहा. मी तर रोजच हो म्हणत होतो. गोविंदा न्हावी मात्र बोलता बोलता, गाठही असू शकते, असं म्हणाला. काका अर्धी दाढी तशीच ठेवून उठले आणि घरी गेले.

भाताच्या ऐन रोवणीत दुर्बिणीची तारीख आली. काकांनी किल्ली सरपंचाच्या हातात ठेवली. ती दुसऱ्याच्या हातात मी पहिल्यांदाच पाहिली.

नागपूरला मीही सोबत होतो. खोलीच्या दारात काकांनी डॉक्टरांची वाट अडवली. मला वाटलं, आता नहर-बोडी समजावणं सुरू होणार. पण काका अगदी हळू बोलले.

"साहेब, तोंड एकदम नका उघडू. अडलेलं पाणी जोरात येते. तिले तरास होईन."

तोंडाशी लहानशी गाठ निघाली. डॉक्टरांनी तिचा तुकडा तपासायला पाठवला आणि बारीक नळी बसवून पित्ताला वाट करून दिली. रिपोर्ट यायचा आहे. गाळ हा शब्द काकांनी पुन्हा काढलेला नाही.

खिडकीत आता फिल्म नाही. ऊन आलं की तिथे काकू बसतात. काका त्यांची पापणी बोटाने खाली ओढून डोळ्याचा पिवळेपणा पाहतात.

"कायले पाहून राहिले जी रोज?" काकू म्हणतात.

"पाणी उतरून राहिलं का पाहतो."

पिवळेपणा बराच उतरला आहे, मलाही दारातून दिसतं. काका तरी बोट लगेच काढत नाहीत.