सावलीतला सेन्सर

"याला बिस्किट म्हणायचं, तर विटेला काय म्हणायचं?"

हे सासूबाई स्वतःशीच पुटपुटल्या. काकूंना ऐकू जावं असा त्यांचा मुळीच हेतू नव्हता. पण काकूंचं डोकं तेव्हा ओव्हनच्या आत होतं, सासूबाई शेजारीच स्टुलावर बसल्या होत्या आणि रिकाम्या ओव्हनमध्ये पुटपुटणंसुद्धा घुमतं. काकू करपलेलं खरवडत राहिल्या. सासूबाईंनी बिस्किट चहात बुडवलं. थोडं थांबून पुन्हा बुडवलं. चहा निवला, पण बिस्किटाने दाद दिली नाही.

खरं म्हणजे काकूंच्या हाताला चव होती. त्यांचा केक खाऊन पाहुणे उठायचं नाव घेत नसत. सगळं बिघडलं ते गेल्या काही महिन्यांत. केक मधोमध खचायला लागले. बिस्किटं भाजता भाजेनात आणि एकदा भाजली की दगड व्हायची. ओव्हनचा तापमान मोजणारा सेन्सर बिघडलाय, असं घराचं अधिकृत मत होतं. आणि हे मत काकांचं होतं.

काकांनी उभी हयात हवामान खात्यात काढली. बिल्डिंगमध्ये त्यांना हवामानकाका म्हणत. ठरल्या वेळी उठायचं, थर्मामीटर वाचायचा, आकडा कळवायचा. पाऊस असो, ताप असो, एकही नोंद चुकली नाही. मग निवृत्त झाले आणि खिडकीशी बसून ढगांकडे बघायला लागले. आपलं विकलेलं घर माणूस समोरच्या फुटपाथवरून बघतो ना, तसं. दाढी आधी एक दिवसाआड व्हायला लागली, मग आठवड्याने. काकू रात्री कूस बदलायच्या तर हे जागेच.

आणि एके दिवशी एका केकची एक कड जरा काळी झाली.

काकांनी ती कड बघितली, ओव्हनच्या आत बघितलं, मागच्या भिंतीतून बाहेर आलेली बोटाएवढी धातूची कांडी बघितली. "सेन्सर," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वयंपाकघरात हजर झाले.

तेव्हापासून रोज निरीक्षण. निरोप समारंभात मित्रांनी दिलेला लांब दांड्याचा थर्मामीटर त्यांच्या हातात असायचा. काकूंनी काहीही आत ठेवलं की काका गजर लावायचे. गजर वाजला की दार सताड उघडून थर्मामीटर आत, आणि मग बातमी. मागच्या डाव्या कोपऱ्यात उष्णतेची लाट. मधल्या जाळीवर वातावरण अंशतः कच्चं. तेवढ्यात आतली सगळी ऊब बाहेर, ओव्हन पुन्हा तापायला धडपडतोय, आणि केक बिचारा हळूच खाली बसतोय. पुन्हा गजर, पुन्हा दार.

बिघाड कुठे आहे ते काकूंना दिसत होतं. सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसत होतं. पण बोलणार कोण? रोज इस्त्रीचा शर्ट घालणाऱ्या माणसाला सांगायचं कसं? सासूबाई म्हणायच्या, तू बायको आहेस, तू सांग. काकू म्हणायच्या, तुम्ही आई आहात, तुम्ही सांगा. मग दोघी मिळून दगड खायच्या.

हे असंच चाललं असतं, पण खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी काकूंना ऑर्डर दिली. काकूंची पहिलीवहिली ऑर्डर. दवाखान्यात नवीन खुर्ची येणार होती, त्या समारंभासाठी मोठा केक. आवडला तर दर शनिवारी पेशंटांच्या मुलांसाठी एक, कायमचा. दातांच्या दवाखान्यात केक वाटणं हे काकूंना जरा चमत्कारिक वाटलं, पण डॉक्टरीणबाईंना धंदा कळत होता. काकूंच्या बिस्किटांमुळे बिल्डिंगमधले दोन जण आधीच त्यांच्याकडे येऊन गेले होते. काकूंनी मात्र मनात दारावरची पाटीसुद्धा रंगवून ठेवली. दुसऱ्याच्या घरासाठी रांधण्यात सगळं आयुष्य गेलं. हे एक काम आपल्या नावावर होणार होतं.

समारंभाच्या दिवशी सकाळीच काकांनी जाहीर केलं, "आज काळजी करू नकोस. मूळ चूक सापडलीय. आणि ती कंपनीची आहे."

चूक अशी की, कंपनीने सेन्सर उघड्यावर ठेवला होता. काकांनी दोघींना समजावून सांगितलं. थर्मामीटर कधीही उन्हात ठेवत नाहीत. तो पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत ठेवतात. नाहीतर तो हवेचं नाही, उन्हाचं तापमान सांगतो. आणि इथे ही कांडी थेट धगीसमोर! कुठल्या अडाण्याने बसवली? म्हणून पहाटेच उठून काकांनी सेन्सरला सावली केली होती. चहाची मोठी गाळणी, तिच्यावर चकचकीत फॉईलचे चार थर, आणि सगळं तारेने भिंतीला घट्ट आवळलेलं. सेन्सर आत कसा सावलीत, निवांत.

काकूंनी पीठ फेटलं, केक आत ठेवला. सेन्सर सावलीतून कळवत राहिला की अजून गारवा आहे. ओव्हन बिचारा विश्वासू. त्याने ऐकलं आणि तापवत राहिला. आधी वास आला, मग धूर, मग काचेआड लालभडक उजेड. गजर वाजायच्या आधीच काकांनी दार उघडलं. केकच्या जागी डांबराची गोल चकती होती.

"राज्यात सर्वत्र कोरडं," सासूबाई म्हणाल्या.

काका हिरमुसले. आणि त्यांना हिरमुसलेलं बघून काकूंच्या तोंडापर्यंत आलेलं पुन्हा पोटात गेलं. त्यांनी काकांना अंडी आणायला पिटाळलं आणि लपूनछपून मेकॅनिकला फोन लावला.

मेकॅनिक आला तो भलताच गप्पिष्ट. त्याने मागची भिंत बघितली आणि विचारलं, ही गाळणी इथे कशी?

"उंदीर," सासूबाई म्हणाल्या.

मेकॅनिकने मान डोलावली. उंदरांविषयी त्याचं मत आधीपासूनच चांगलं नसावं. त्याने सावली काढून टाकली, सेन्सर उपसला, मीटर लावून तपासला आणि सांगितलं की सेन्सर एकदम ठणठणीत आहे. काकूंना वाटलं, सुटलो. हाच आता पुढचं विचारेल आणि हाच सांगून टाकेल. परक्या माणसाने सांगितलेलं लागत नाही.

तेवढ्यात काका अंडी घेऊन आले. मेकॅनिकला बघून आधी त्यांचा चेहरा पडला. पण मेकॅनिकने थर्मामीटर बघितला, तो कुठला म्हणून विचारलं, आणि काकांनी सांगायला सुरुवात केली. वादळं, पारा, गारांचा आकार. मेकॅनिक स्टुलावरच बसला. अर्ध्या तासात त्याचं मत बदललं. सेन्सर मीटरवर ठीक दिसतोय खरा, पण काका म्हणतात त्यात तथ्य आहे. प्रत्यक्ष निरीक्षण केल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

काकूंनी दुसरा केक आत ठेवला. आता गजर दोन होते. काकांचा वाजला की काका दार उघडायचे. त्यांनी लावलं की मेकॅनिकचा वाजायचा आणि खात्री करून घ्यायला तो उघडायचा. "डावीकडे किंचित घट," एक म्हणायचा. "दुजोरा," दुसरा म्हणायचा. दारातून येणाऱ्या उबेने सासूबाईंची गुडघेदुखी थांबली. केक मात्र फुगता फुगता दचकायचा, पुन्हा फुगायचा, पुन्हा दचकायचा. शेवटी त्याने नाद सोडला. बाहेर काढला तेव्हा मधे असा खड्डा होता की त्यात वाटीभर आमटी सहज मावली असती.

मेकॅनिकला दुसऱ्या घरून फोन आला. गूढ प्रकार आहे म्हणत, काकांचा हात दोन्ही हातांत धरून, तो गेला.

घरात शेवटची अंडी उरली होती, शेवटचं लोणी. खालून खुर्ची सरकवल्याचे आवाज येत होते. समारंभाची तयारी चालू होती. काकूंनी तिसरा केक फेटला, आत ठेवला, दार लावलं आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. काचेतून दिसत होतं, केक वर यायला लागला होता. कडेने, मग मधून, हलकेच, झोपेतल्या पोराच्या पोटासारखा.

गजर वाजला.

काका उठले. शर्टाची बाही सारखी केली, थर्मामीटर घेतला, दाराच्या मुठीवर हात ठेवला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"अहो," काकू म्हणाल्या.

काका थांबले.

"ओव्हनला काही झालेलं नाही. कधीच काही झालं नव्हतं. तुम्हाला घरी करमत नाही."

गजर वाजतच होता. सासूबाईंनी हात लांब करून तो बंद केला. काका मुठीवर हात ठेवून काकूंकडे बघत राहिले. पूर्वी पहाटे पाऱ्याकडे बघायचे तसं, वाकून, नीट, काही चुकायला नको म्हणून. मग त्यांनी हात काढून घेतला.

"नोंद बरोबर आहे," ते म्हणाले.