पडद्यावरचं सुतक

आमच्या गावात पिक्चरमध्ये माणूस मेलं की बघणाऱ्याला सुतक लागतं.

चंद्रिका टॉकीजच्या तिकिटाच्या खिडकीशेजारी बापू गुरव खुर्ची टाकून बसलेले असतात. खेळ सुटला की ते एकेकाला विचारतात, "रडला का?" रडला नसाल तर घरी जाऊन अंघोळ केली की मोकळे. थोडंफार पाणी आलं असेल तर सोयऱ्याचं सुतक, तीन दिवस. आणि घरचंच माणूस गेल्यासारखं कुणी रडलं तर भावकीचं, दहा दिवस. देवाला शिवायचं नाही, गोडधोड करायचं नाही, कुणाच्या कार्याला जायचं नाही. खोटं बोलून भागत नाही. पडद्यावर कुणी मरायला टेकलं की डोअरकीपर लाला बॅटरी घेऊन ओळीनं तोंडं बघत जातो. व्हिलन मेला तर कुणालाच काही लागत नाही. लालासुद्धा त्या वेळी बाहेर चहा प्यायला जातो.

माझी पिठाची गिरणी आहे. सुतकातल्या हातचं पीठ कुणी नेत नाही, म्हणून मी पिक्चरला रडत नाही. अजून एकदाही रडलेली नाही. बायका दळणाचे डबे ठेवतात आणि मला विचारतात, मालनकाकू, जावं का नको? मी सांगते. कुणाला तरी सांगायला पाहिजे, कारण हल्लीच्या पिक्चरवाल्यांना माणसं मारायची लाज राहिलेली नाही.

मागच्या महिन्यात एक आला होता. सुरुवातीलाच अख्खं घर कापून काढलं, म्हातारीसकट. कशासाठी? तर हिरोला राग यावा म्हणून. अहो, राग यायला एवढी माणसं लागतात? मला दूध उतू गेलं तरी येतो. निम्मं गाव सुतकात बसलं आणि ठरलेली बारशी पुढं गेली. त्याच्या आधी भुताचा आला. त्यातली बाई पहिल्यापासूनच मेलेली होती. पंचांनी बसून विचार केला आणि सांगितलं की तिचं सुतक मागंच फिटलंय, नुसती अंघोळ करा. तो बरा होता. त्याच्याही आधी दोन भागांचा एक आला. पहिल्या भागात हिरो कड्यावरून पडून मेला. गावानं सुतक पाळलं, तेराव्याला बुंदी वाढली. दुसऱ्या भागात तो दाढी वाढवून परत आला. माणूस जिवंत असेल तर आधी सांगावं की नाही? बुंदी जेवलेल्यांनी आता काय करायचं?

पण माझं डोकं फिरवलं ते बँडवाल्याच्या पिक्चरनं.

त्यात दिगंबर नावाचा एक क्लॅरोनेट वाजवणारा आहे. बायको नाही, एकुलती एक पोरगी. पिक्चर सुरू झाल्यापासून हा माणूस खोकतो. रुमालाला रक्त लागलेलं दिसतं, तर रुमालाची घडी करून खिशात ठेवतो आणि पोरीला म्हणतो, धुळीनं होतंय. पिक्चर संपत आला तरी धुळीनंच होतंय. शेवटी पोरीच्या लग्नात, वाजवता वाजवता, मांडवाच्या दारात मरतो. गिरणीवर बायकांनी विचारलं, कसा आहे? मी म्हटलं, "खोकला आहे. जाऊ नका."

सगळ्या गावाला सांगितलं आणि घरात सांगायचं राहिलं.

माझ्या विक्रांतचं लग्न सदाशिव मान्यांच्या वृषालीशी ठरलं होतं. सुपारी फुटली होती, मांडवाच्या मेढी आणायच्या राहिल्या होत्या. ही दोघं कुणाला न सांगता तो पिक्चर बघायला गेली आणि शेजारी शेजारी बसून हुंदके देऊन रडली. लालानं बॅटरी मारली तेव्हा वृषालीनं ओढणीत तोंड घातलं होतं आणि माझा पोरगा तिच्याच ओढणीचं दुसरं टोक धरून रडत होता. दोघांना दहा दहा दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी बापू गुरव आणि माने पाव्हणे आमच्या ओसरीवर येऊन बसले. चहा नको म्हणाले, तेव्हाच मला कळलं.

"दोघांनी एकाच मयताचं भावकीचं सुतक धरलंय," बापू म्हणाले. "म्हणजे दोघं एका भावकीतली झाली. बहीण-भाऊ."

"अहो, पण सुपारी आधी फुटलीय," मी म्हटलं. "सुतक नंतर लागलंय."

"सुपारी फुटली म्हणून बहिणीशी लग्न लावता येत नाही, मालनवैनी."

माने पाव्हण्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला दुसरं स्थळ बघावं लागंल," ते म्हणाले. "माझी पोरगी चांगली हाय. तुमचाबी पोरगा चांगला हाय. पण आता ती बहीण-भाऊ झालीत."

आमचे हे कोपऱ्यात सुपारी कातरत होते. म्हणाले, "एकानं म्हणावं की मी रडलो नाही."

"लालानं बघितलंय," बापू म्हणाले.

विक्रांत दारात उभा होता. म्हणाला, "आणि मी नाही म्हणणार नाही. मी रडलो. वृषाली म्हणालीय, तू रडला नसतास तर मीच लग्न मोडलं असतं."

असल्या पोरांचं काय करायचं? रडला नसता तर लग्न मोडलं असतं, रडला तर मोडलंच. दोन दिवस पोरगा ताटावर बसला नाही. तिकडं मान्यांच्या घरी पोरीनं खोलीची कडी लावून घेतली. आणि हे सगळं कुणामुळं? तर डॉक्टरकडं न गेलेल्या एका माणसामुळं.

मी विक्रांतला समोर बसवलं. "नीट सांग. रडताना तुला तो कोण वाटत होता?"

तो म्हणाला, "मामा."

"तुला मामा कुठंय? मला भाऊ नाही."

"म्हणूनच," तो म्हणाला.

मी तशीच उठले, चपला घातल्या आणि टॉकीजवर गेले. बापूंना म्हटलं, "तुमचं चुकलंय. वृषाली बाप गेल्यासारखी रडली. तिला दहा दिवस बरोबर आहेत. माझा पोरगा मामा गेल्यासारखा रडला. मामाचं तीन दिवस असतं. तुम्ही नुसत्या हुंदक्यांवर गेलात."

बापूंनी डोळे मिटून विचार केला. "तसं असंल तर ती त्याच्या मामाची पोरगी झाली."

"झाली."

"मामाच्या पोरीवर तर पहिला हक्क असतो."

"मग लावा लग्न."

"थांबा, वैनी. मामाचं नातं आईकडनं येतं. आधी तुम्ही बहीण पाहिजे, मग पोरगा भाचा. तुम्ही हा पिक्चर बघितलाय. लाला, वैनी रडल्या होत्या?"

लाला म्हणाला, "रडायचं लांबच. तो मांडवाच्या दारात पडला तेव्हा काकू म्हणाल्या, चला, सुटलो एकदाचे."

"हे काही बहिणीचं बोलणं नाही," बापू म्हणाले.

पंचांनी ठरवलं की मी पिक्चर पुन्हा बघायचा आणि त्यांनी मला बघायचं. शुक्रवारी पिक्चर बदलणार होता आणि त्याच्या जागी येणाऱ्यात सगळे कुत्र्याच्या मागं पळतात, कुणी मरतच नाही, असं ऐकलं होतं. म्हणून मंगळवारीच मला बसवलं. एका बाजूला बापू, दुसऱ्या बाजूला मुलीकडचे म्हणून माने पाव्हणे, आणि मधल्या वाटेत लाला. घरातनं निघताना यांनी माझ्या पदराला चिरलेला कांदा बांधून दिला होता. बापूंनी वासावरूनच तो सोडायला लावला.

मी मन लावून प्रयत्न केला. माझी आई आठवली. मेलेली म्हैस आठवली. पण समोर हा माणूस खोकायला लागला की मला नुसता संताप यायचा. तो मेला तेव्हा लालानं बॅटरी मारली आणि म्हणाला, "जांभई."

गुरुवारी शेवटचा खेळ होता. विक्रांत बाहेर पायरीवर बसून राहिला. वृषालीही आली होती, वडिलांच्या देखत त्याच्यापासून लांब, पोस्टरच्या खाली उभी. माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आत्या, बघा जमलं तर." काकू म्हणायची ती आत्या म्हणाली. मला आतमध्ये काहीतरी टोचलं आणि त्याचाही राग आला.

पिक्चर सुरू झाला. खोकला सुरू झाला. रुमाल निघाला. पोरगी विचारते, बाबा, काय झालं? आणि हा रुमालाची घडी करतो, खिशात ठेवतो, हसतो आणि म्हणतो, धुळीनं होतंय.

मी उभी राहिले.

"दाखव की तो रुमाल!" मी म्हटलं. "मेल्या, दाखव तिला! धूळ म्हणे! माझी गिरणी आहे, मला सांगतोस धूळ? सगळा जन्म पिठात बसून मला खोकला नाही आणि तुला बँड वाजवून धूळ लागते? पोरीला नाही सांगायचं, नको सांगूस. तिचं लग्न आहे. पण मला सांगायचं होतंस! मी काय मेले होते? एसटीत घालून मिरजेच्या दवाखान्यात नेला असता तुला. वाटभर शिव्या दिल्या असत्या, पण नेला असता. तिथल्या बाकावर रात्रंदिवस बसले असते. एक शब्द बोलायचा होतास. एवढी हवा त्या क्लॅरोनेटात घालवलीस, त्यातली एक फुंकर मला सांगायला शिल्लक नव्हती?"

ऑपरेटरनं पिक्चर थांबवला. पडद्यावर दिगंबर तसाच हसत राहिला, हात खिशात. लालानं माझ्या तोंडावर बॅटरी मारली.

"पाणी नाही," तो म्हणाला. मग जवळ येऊन बघितलं. "पण हनुवटी हलतीय."

माने पाव्हणे म्हणाले, "थेंब न्हाई म्हणजे सुतक न्हाई. मला पोरीची काळजी हाय, पण नियम तो नियम."

बापू म्हणाले, "माने, मी पुष्कळ मयतं बघितली. सून आली की दारातनंच गळा काढते. शेजारीण पदर लावते. सख्खी बहीण आली की आधी भांडते. मला का नाही कळवलं म्हणून मेलेल्याशी भांडते. परक्या माणसाला एवढं कुणी बोलत नाही." ते माझ्याकडं वळले. "वैनी, तुम्हाला तीन दिवस. गिरणी बंद ठेवा."

"मग मी कोण?" माने पाव्हणे म्हणाले. "पोरीचा बाप तर तो झाला."

"तो गेला. तुम्ही हयात आहात. कन्यादान तुम्हीच करा."

पाव्हण्यांना हे पटलं. त्यांनी ऑपरेटरला पुढं चालवायला सांगितलं. आम्ही शेवटपर्यंत बसलो. तो मांडवाच्या दारात पडला तेव्हा माने पाव्हण्यांनी टोपी काढली आणि मला पाण्याची बाटली दिली.

मी तीन दिवस पाळले, विक्रांतनंही तेवढेच पाळले, मग गिरणी उघडली. वृषालीचे दहा झाल्यावर मांडव घातला. पिक्चर कसा होता म्हणून आजही कुणी विचारलं तर मी भिकारच सांगते. माणूस असा मारायचा नसतो. पण त्या माणसाला कुणी नावं ठेवली तर त्याचं दळण मी घेत नाही.

लग्नाला तासगावकडचा बँड आणला होता. वरात येऊन पोरं बोहल्यावर चढली होती, भटजी घाई करत होते, अक्षता वाटून झाल्या होत्या. तेवढ्यात क्लॅरोनेटवाला तोंडातनं क्लॅरोनेट काढून खोकला.

मी वाजंत्री थांबवली. "काय होतंय?" त्याला विचारलं.

"काही नाही, बाई. धूळ आहे."

मी त्याचं मनगट धरलं आणि मांडवातनं बाहेर काढलं. भटजी ओरडले, मुहूर्त टळेल. मी म्हटलं, टळू दे. बोहल्यावरनं विक्रांत म्हणाला, आई, जा तू. आमचे हे आणि माने पाव्हणे मागनं चालत आले. चौकातल्या डॉक्टरनं त्याची छाती तपासली, जीभ बघितली, पाठीवर बोटं वाजवून बघितली आणि सांगितलं, छाती साफ आहे, तंबाखूनं घसा खाल्लाय.

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की."

त्याच्या खिशातली तंबाखूची पुडी काढून मी गटारात टाकली, रुमाल उलगडून दोन्ही बाजूंनी बघितला आणि त्याला परत दिला.

"चल," मी म्हटलं. "वाजव आता."