गेरूची भिंत

तुळशीराम मास्तर भिंतीतून कधी जात नसत. यात काय विशेष, भिंतीतून कोणीच जात नाही, असं तुम्ही म्हणाल. पण ही भिंत गेरूची होती. पहिलीच्या वर्गाच्या कोपऱ्यात जमिनीवर ओढलेली एक तांबडी रेघ. तिच्यात हातभर जागा सोडलेली, ते दार. सहा फूट उंचीचे, पागोटं बांधलेले, पन्नाशी उलटलेले मास्तर त्या दारासमोर उभे राहत, जोडे काढत, खाकरत आणि विचारत, "घरात कोणी आहे का?"

आतून सहा-सात वर्षांची एखादी घरधनीण म्हणे, "या. पण पाय पुसून या."

मास्तर पाय पुसून आत जात. एकदा शेवंता नावाच्या पोरीनं आतूनच सांगितलं, "आम्ही घरी नाही." मास्तर "बरं" म्हणाले, जोडे घातले आणि परत फिरले. पाढे घ्यायला मधल्या सुट्टीनंतर पुन्हा आले.

मी त्या शाळेतली बोलावणारी बाई. तेव्हा मुलींच्या शाळेला अशी एक बाई असे. सकाळी घरोघर जायचं, मुली गोळा करायच्या, शाळेत आणायच्या आणि सुटली की पोचवायच्या. मी मूळची साताऱ्याकडची. नवऱ्याला इथल्या गिरणीत काम लागलं म्हणून बुऱ्हाणपूरला आले. शाळा माझी दुसरीतच सुटलेली. इथलं बोलणंही आधी समजेना. "पोरगी जेवून राहिली" असं कोणाची आई म्हणाली, म्हणजे पोरगी जेवते आहे; मी मात्र ती आज घरीच राहिली असं धरून पुढच्या दाराला जाई. अशानं पहिल्या आठवड्यात निम्म्या मुली घरीच राहिल्या. दुसऱ्या कोणी मला काढून टाकलं असतं. मास्तरांनी शेवटच्या बस्करावर बसवून हातात पाटी दिली. म्हणाले, "बाई, बोलावणारीला अक्षर आलं पाहिजे. नाही तर पोरी विचारतील, तुम्ही का नाही शिकत?" आज हे लिहिते आहे ती अक्षरं त्यांचीच. स्वभाव मात्र त्यांना बदलता आला नाही. शाळेच्या दारात टांगा थांबला तरी मला वाटे, आपल्यालाच घालवायला कोणी आलं.

मास्तरांना असली भीती माहीत नव्हती. "हलणार नाही," हा त्यांचा मंत्र. बुधवाऱ्याच्या गल्लीत गाय आडवी बसली की लोक वळसा घालून जात. मास्तर तिच्यासमोर छत्री टेकून उभे राहत. "रस्ता दोघांचा आहे," गाईला सांगत. गाय उठेपर्यंत थांबत. उन्हाळ्यात ती छत्री उघडत मात्र नसत. कोणी विचारलंच तर म्हणत, "आतापासून घाबरलो तर वैशाखात काय करू?"

कोपऱ्याची सुरुवातही अशीच झाली. पहिलीच्या सात मुली शाळेत येताना रडत, आल्यावर रडत, आणि मी त्यांना ओढून आणताना मलाही रडू येई. एका सोमवारी मास्तर भर बाजारातून डोक्यावर पाटा आणि हातात वरवंटा घेऊन शाळेत आले. दुसऱ्या सोमवारी पोळपाट-लाटणं. मग तवा, पितळी कळशी, दोन पाट, ताकाची रवी. एक दुकानदार ओरडला, "काय मास्तर, या वयात संसार मांडून राहिले का?"

"हो," मास्तर म्हणाले आणि चालत राहिले.

सगळं कोपऱ्यात लावून झाल्यावर त्यांनी स्वतः गुडघ्यावर बसून गेरूनं घर आखलं. तीन विटांची चूल, सरकीचा भात, चिंचोक्यांची भाजी, केळीच्या पानाचे तुकडे म्हणजे ताटं. रोज पाळीपाळीनं एक घरधनीण. मास्तर पाहुणे म्हणून पाटावर बसत आणि मन लावून जेवत. "भातात खडा लागला," म्हणत. "पाहुणे पाच, ताटं तीन. आता कसं करायचं, यजमानीणबाई?" यजमानीणबाई बोटं मोजत. महिनाभरात अशी तऱ्हा झाली, की मी गल्लीत शिरण्याआधीच पोरी ओट्यावर तयार उभ्या. सगळ्या शाळेची मिळून माझी एकोणीसच्या एकोणीस नावं रोज हजर.

मग डिप्टीसाहेब तपासणीला आले.

नागपूरकडचे, बूट घातलेले, काखेत शेरेबुक. भिंतीवरची बादशहाची तसबीर सरळ आहे का ते त्यांनी आधी पाहिलं आणि तसेच कोपऱ्याकडे निघाले. त्यांचा बूट रेघेवर पडला मात्र, शेवंता किंचाळली, "गुरुजी! हे भिंतीतून येऊन राहिले!"

साहेब दचकले. दुसरा पाय पडला तो थेट चुलीवर. सरकीचा भात वर्गभर उडाला.

"साहेब," मास्तर जागेवरून म्हणाले, "दार तिकडं आहे."

"दार? कुठलं दार?"

"ते काय, तुमच्या डाव्या हाताला. जोडे बाहेर काढायचे आणि विचारायचं."

"कोणाला विचारायचं?"

"घरात जी असेल तिला."

मी भिंतीला पाठ लावून देवाचं नाव घेत होते. साहेबांचे कान लाल झाले. "मास्तर, ही शाळा आहे. या पसाऱ्यानं मुली काय शिकतात?"

"विचारून आत शिरायला."

साहेबांनी शेरेबुक उघडलं. लिहितालिहिता मोठ्यानं वाचलं, "पहिलीच्या वर्गातील घरगुती पसारा आठ दिवसांत काढावा. येत्या शनिवारी अकराला मी पुन्हा येईन. तोवर निघाला नाही, तर तुमची बदली धूलकोटला."

"कोपरा हलणार नाही," मास्तर म्हणाले. "आणि गेरू धूलकोटलाही मिळतो."

त्या आठवड्यात मास्तरांनी गेरूची रेघ पुन्हा ओढली, दुप्पट जाड. रोज दोनदा जेवायला बसू लागले.

शनिवारी दहा वाजले आणि मास्तर आले नाहीत. माझ्या आठवणीत पहिल्यांदा. पहिलीच्या मुली गेरूच्या घरात जाऊन बसल्या होत्या. साहेब यायला तासच राहिला होता. पसारा मीच काढून ठेवला तर मास्तरांची बदली वाचेल, असं मला वाटलं. मी केरसुणी घेऊन रेघेपर्यंत गेलेही. शेवंतानं विचारलं, "काय पाहिजे, बाई?" मी केरसुणी खाली ठेवली. मला एकच काम येत होतं, तेच करायला मी निघाले. जे आले नाहीत त्यांना घरी जाऊन बोलावून आणायचं.

मास्तरांचं घर मी तोवर पाहिलं नव्हतं. दार ढकललेलं होतं. मुलींना नावानं हाक मारते, पण मास्तरांना काय म्हणून मारू? सवयीनं तोंडात आलं तेच म्हणाले, "घरात कोणी आहे का?"

आत खाट करकरली. मग आवाज आला, "आहे."

खोलीत एक खाट होती, एक माठ होता, खुंटीला पागोटं. बाकी काही नाही. चुलीत राख नव्हती. फरशीवर एक लांबट फिका डाग होता, पाटा वर्षानुवर्षं एका जागी राहिला की पडतो तसा. शेजारी छोटा गोल डाग, कळशीचा. माझ्या लक्षात आलं आणि मी दाराची चौकट धरली. मास्तरांनी शाळेत खेळणी आणली नव्हती. घर आणलं होतं.

मास्तर खाटेवर बसून डागाकडेच बघत होते. "घरधनीण गेल्यावर बारा वर्षं पाटा इथं नुसता बसून होता," ते म्हणाले. "तिथं शाळेत बोलून राहिला. बाई, दुसऱ्या कोणी काढलं असतं तर मी भांडलो असतो. पण बदली झाली तर नवा मास्तर ती भांडी अंगणात फेकेल. त्यापेक्षा तुम्हीच काढा. नीट काढा. माझ्या हातानं होत नाही."

माझं आयुष्य ज्यांच्या हो ला हो म्हणून सावरलं, त्यांना मी कधी नाही म्हटलं नव्हतं. तरी म्हणाले, "मी नाही काढणार."

"काय?"

"घरात माणसं आहेत, मास्तर. सात जणी. माणसं असताना घर कसं काढायचं? चला. भात निवून राहिला."

मास्तरांनी माझ्याकडे नवीनच कोणी भेटल्यासारखं पाहिलं. मग उठून खुंटीवरचं पागोटं काढलं.

आम्ही पोचलो तेव्हा साहेब वर्गात आलेले होते. रेघेच्या बाहेर उभे होते, कारण पाय उचलला की सातही जणी एका सुरात "भिंत! भिंत!" असं ओरडत होत्या. घामानं त्यांची कॉलर भिजली होती. मास्तर त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, जोडे काढले आणि विचारायला खाकरले.

त्याआधीच शेवंतानं आतून हात कमरेवर ठेवून म्हटलं, "किती उशीर! आणि हे पाहुणे केव्हाचे उभे. सांगा त्यांना, बूट काढायला."

साहेबांनी बूट काढले नाहीत. पण रेघही ओलांडली नाही. मुली वाढत होत्या, मोजत होत्या, मास्तर जेवत होते, आणि साहेब घटकाभर बाहेरून बघत राहिले. शेवटी शेरेबुकात त्यांनी लिहिलं, "पसारा आहे. पुढील तपासणीत पाहू." सरकारात याचा अर्थ काय होतो ते मला मास्तरांनी समजावलं. याचा अर्थ, हलणार नाही.

पुढं मी त्या शाळेत बरीच वर्षं होते. सकाळच्या फेरीत एकोणीस दारं झाली की विसावं दार मास्तरांचं. वाट तिथून नव्हती, चांगलाच वळसा पडे. मुली मागे ओळीनं उभ्या राहत आणि मी हाक मारी, "घरात कोणी आहे का?"

मास्तर बहुतेक तयार होऊन दाराशीच असत. तरी उत्तर देण्याआधी थोडा वेळ घेत, पाहुणा वाट बघतो आहे हे नीट ऐकून घेतल्यासारखं. मग म्हणत, "आहे. या."