हिवरखेडच्या शिवणयंत्राची धर्मदौड

दान हे देणाऱ्याला शोभले पाहिजे. घेणाऱ्याला ते उपयोगी पडले तर त्यास कोणाची हरकत नसते. हा विचार माझा नाही. माझ्या विचारांवर माझाच फारसा विश्वास नाही. तो वऱ्हाड माजी सैनिक मोटारसायकल मंडळाचा आहे, आणि मंडळ कधी चुकले असे मला अमरावतीत तरी कोणी सांगितलेले नाही.

महायुद्ध संपल्यावर लष्कराने जुन्या मोटारसायकली लिलावात काढल्या. अमरावती-अकोल्याच्या माजी सैनिकांनी त्या घेतल्या, आणि घेतल्यावर त्या कोठेतरी नेल्या पाहिजेत हे त्यांच्या लक्षात आले. अशा रीतीने मंडळ स्थापन झाले. सभासदाला युद्धाचा अनुभव असावा लागे. त्यात रसद खाते, बँड, भांडारातली कारकुनी आणि बराकीत निघालेला गोवर हे सर्व धरले जाई. प्रत्यक्ष गोळीबार पाहिलेले सभासद एकच, शालिकराम. ते त्याबद्दल काही बोलत नसत, त्यामुळे सभासंमेलनांना त्यांचा उपयोग नव्हता. अध्यक्ष वामनराव युद्धभर एका कोठारात घोंगड्या मोजत होते. (ती आघाडी शेवटपर्यंत पडली नाही.) मला वाहन चालवता येत नाही. वृत्तांत लिहिण्यासाठी मला साइडकारमध्ये बसवत. तिथे वजन हवे असे, आणि पोत्यापेक्षा मी बरा दिसतो असे मत पडले.

हंगाम कार्तिकात सुरू होई आणि फाल्गुनात संपे. पावसाळ्यात काळी माती चाक धरते. उन्हाळ्यात वऱ्हाडचा माणूस सावली सोडत नाही. हंगामात एक धर्मदौड निघे. तिचे नियम मला आजही पाठ आहेत. दान मोटारसायकलवरूनच पोचले पाहिजे. एसटीने किंवा बैलगाडीने गेलेली वस्तू दान नसून पार्सल होय. दान एकट्याने नेऊ नये, सर्वांनी वाटून न्यावे, म्हणजे पुण्यही वाटले जाते. आणि ज्याने जे उचलले त्यानेच ते स्वहस्ते द्यावे. नाहीतर हार कोणाला घालायचा हा प्रश्न उद्भवतो.

सुरुवातीच्या दौडींत गरिबांना घोंगड्या वाटल्या जात; तेवढ्यापुरते हे नियम निर्दोष होते. मग चीनशी युद्ध झाले, हिवरखेडचा एक जवान परत आला नाही, आणि मंडळाने त्याच्या विधवेला, सिंधूबाईला, शिवणयंत्र द्यायचे ठरवले.

सिंधूबाईचे घर माळ्याचे. नवरा गेल्यावर दिराने मळा आपल्याकडे ठेवला आणि तिला व तिच्या सासूला, मैनाबाईला, भाजी तोडायला लावले. (मजुरी नाही, जेवण होते. तेही उरले तर.) गावच्या शाळेने मुलांचे गणवेश तिच्याकडून शिवून घ्यायचे कबूल केले होते. यंत्र आले तर वेगळी चूल, नाही आले तर दिराचा मळा, एवढाच तिचा प्रश्न. मंडळाचा प्रश्न अधिक व्यापक होता: शिवणयंत्राचे भाग किती पडतात?

यंत्र खोलण्यात आले. फळी, लोखंडी पाय, चाक, पायपट्टी असे भाग निरनिराळ्या सभासदांच्या मागे बांधले. सुई नेण्यासाठी तिघांचे अर्ज आले. वरचा मुख्य भाग, ज्याला शिवणारे लोक डोके म्हणतात, तो अर्थातच वामनरावांनी घेतला.

पहिल्या हंगामात हिवरखेडला फळी पोचली. बाकीचे भाग मूर्तिजापूरला आलूबोंडे खाऊन माघारी फिरले. सिंधूबाईने आलेल्या प्रत्येक मोटारसायकलच्या दिव्याला कुंकू लावले, ओवाळले आणि सर्वांना जेवू घातले. फळीवर मैनाबाईने पापड वाळत घातले. दुसऱ्या हंगामात चाक आणि पाय आले. पुन्हा कुंकू, पुन्हा जेवण. तिसऱ्यात पायपट्टी आणि सुई. डोके मात्र येईना, कारण वामनरावांची मोटारसायकल दर हंगामी मूर्तिजापुरात, बरोबर उपाहारगृहासमोर, बंद पडे. (मला यंत्रातले कळत नाही. रस्त्याचा तो भाग वाईट असेल.)

"द्या मले ते डोकं," शालिकराम तिसऱ्या वेळी म्हणाले. "मी पोचवून देतो."

"आन् हार?" वामनरावांनी विचारले.

"हार तुमीच घाला."

हा शिस्तभंग ठरला आणि शालिकरामांना दौडीतून वगळण्यात आले.

इकडे शाळेने निरोप धाडला की सुटी संपायच्या आत मशीन चालू झाली नाही तर गणवेश अकोटच्या शिंप्याकडे जातील. तेव्हा सिंधूबाई एसटीने अमरावतीला आली आणि थेट वामनरावांच्या बैठकीत शिरली. कार्यकारिणी बसलेली होती. डोके कोपऱ्यातल्या टेबलावर, विणलेल्या रुमालाखाली होते, वर फुलदाणी.

"साहेब, डोकं न्याले आली," ती म्हणाली.

"बाई, हंगाम संपला."

"मशीनले कायचा हंगाम? पोरायचे कपडे शिवाचे हायेत."

"कार्तिकात आणतो. वाजतगाजत."

"तीन वर्षं वाजवूनच राहिले तुमी. पाय आले, चाक आलं, डोक्याचा पत्ता नाही. घरात मशीन हाय का मढं, तेच समजत नाही मले."

"दान असं एसटीनं जात नसते."

"काहून? मी आली ना एसटीनं."

या वाक्याने तिचे नुकसान झाले. कार्यकारिणीने त्यावर शांतपणे विचार केला. जी स्त्री एकटी हिवरखेडहून अमरावतीला येऊ शकते, पत्ता शोधू शकते आणि अध्यक्षांशी अशा आवाजात बोलू शकते, ती निराधार कशी? मंडळाची मदत निराधारांसाठी होती. सबब सिंधूबाईचे नाव कमी करण्यात आले, आणि पोचलेले भाग खऱ्या गरजूला देता यावेत म्हणून परत आणायचे ठरले.

ही दौड भर वैशाखात निघाली. वगळलेले शालिकराम सोडता एकही सभासद गैरहजर नव्हता. सर्व मोटारसायकली पहिल्याच लाथेला सुरू झाल्या आणि मूर्तिजापूरला कोणी थांबले नाही. वामनरावांनी डोकेही बरोबर घेतले होते, कारण छायाचित्रात यंत्र अपुरे दिसले असते. सिंधूबाईच्या अंगणात ते प्रथमच पूर्ण जोडले गेले. छायाचित्रकाराने तिला चालवायला सांगितले. तिने सासूच्या लुगड्याचा फाटका पदर शिवून काढला. टाके सरळ पडले. यंत्र खरोखरच चांगले होते.

मग ते खोलले. ती उभी राहून पाहत होती.

"शिवण तं उसवून नेत नाही ना?" तिने विचारले.

तशी आवश्यकता नाही, असे वामनराव म्हणाले. त्या दिवशी भाजीच्या तोडणीला उशीर झाला म्हणून दीर फाटकाशी ओरडत होता, त्यामुळे तिला निरोप द्यायला थांबता आले नाही.

परतताना अकोल्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक जमले होते. कोणी फुले उधळली, कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी मुलांना खांद्यावर घेऊन शूर माणसे दाखवली. मागे बांधलेले चाक, फळी, पाय सर्वांना दिसत होते. दान गावाकडे जायचे सोडून गावाकडून का येत आहे, हे एकानेही विचारले नाही. अंगणातल्या छायाचित्राबरोबर या स्वागताचेही छायाचित्र वर्तमानपत्रात आले. त्यात वामनराव ठळक आहेत, फुले उधळणारे जरा पुसट. माझी नजर अधू आहे, मला कोणी ओळखता आले नाही. आपण एकदा नीट पाहून घ्यावे; आपला चेहरा आपल्याला लगेच सापडतो.