देवरेकाकांचा शेवटचा टॅग

देवरेकाका प्रत्येक गोष्ट आधी हुंगायचे, मग तिच्यावर विश्वास ठेवायचे. अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासला. निवृत्त झाले तरी तपासणी काही सुटली नाही. भाजीवालीच्या गाडीवर कोथिंबिरीची जुडी नाकाला लावून "रिजेक्ट" म्हणत आणि ती बिचारी गुपचूप दुसरी काढून देई. माझ्या घरचा चहाही एकदा रिजेक्ट झालाय.

दोन हजार सालच्या सुमारास अशा माणसाने घरात बोका आणला. पार्किंगमधल्या या बोक्याला देवरेकाकू रोज दूध-पोळी घालायच्या. काकू गेल्या आणि महिन्याभरात काकांनी त्याला वर नेलं, डॉक्टरांकडून त्याची नसबंदी करून घेतली आणि अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं की आता याची मुताची फवारणी बंद. दुसऱ्याच दिवशी बोक्याने शेपटी ताठ करून जिन्याच्या भिंतीवर आणि मग माझ्या ऑफिसच्या बुटांवर द्राक्षबागेत मारावा तसा फवारा मारला.

काकांनी फिनेल ओतलं. वास दुप्पट झाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतरही सवय जायला काही आठवडे लागतात, त्यात नवं घर, तो बिचकलाय. ओरडू नका, पण जुना वास पूर्ण घालवा, नाहीतर तो पुन्हा तिथेच जाणार. मग काकांनी कारखान्याची पद्धत काढली. भिजलेल्या प्रत्येक जागेला लाल टॅग. साबणाने धुवायचं, गुडघे टेकून हुंगायचं, पास झालं की टॅग काढायचा. माझे बूट आठवडाभर टॅग लावून दारात बसले होते.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. लोक माझा जीव खात होते. शेवटी मीटिंगमध्ये ठरलं, रविवारपर्यंत वास गेला नाही तर बोका नामपूरला, काकांच्या भावाच्या कांदाचाळीत. नोटिशीवर सही माझी. त्या आठवड्यात जिन्यात काकांची पावलं ऐकू आली की मीच दार लावून घ्यायचो.

शनिवारी संध्याकाळी तपासायला गेलो. भिंतींवरचे टॅग गेले होते. वास मात्र होता. बेडरूममध्ये खुंटीवर काकूंची तपकिरी शाल, तिला टॅग, टॅगवर बोक्याने भिजवल्याच्या एकाखाली एक पाच तारखा.

"ही का नाही धुतली, काका?" माझा आवाज चढला. "उद्या रविवार आहे."

ते शालीकडे बघत राहिले. "धुतली की तिचा वास जाईल, सेक्रेटरी. एवढाच राहिलाय." मग पलंगाखालच्या बोक्याकडे बघून म्हणाले, "त्याला पण तोच येत असंल. म्हणून जातो तिथं."

माझ्याच सहीची मला लाज वाटली.

सकाळी त्यांनीच बोलावलं. शाल बाल्कनीत दोरीवर वाळली होती आणि बोका तिच्या सावलीत झोपला होता. काकांनी ती काढून माझ्या हातात दिली.

"तुम्ही बघा. मला नाय जमणार."

मी शाल नाकाला लावली. नुसता साबण.

"पास," मी म्हणालो.

काकांनी मान हलवली. मग खाली बसले, बोक्याला उचललं आणि त्याच्या मानेत नाक खुपसून कितीतरी वेळ तसेच राहिले.