गुडघ्यातले मूत्राशय

मानवी शरीराची रचना सर्वत्र सारखीच असते, हा वैद्यकशास्त्राचा एक जुना गैरसमज आहे. आमच्या बोर्ली पंचतनच्या आसपास पन्नाशीनंतर बाईचे मूत्राशय हळूहळू खाली सरकते आणि गुडघ्यात स्थिरावते. त्यामुळे खोकताना, शिंकताना किंवा हसताना थेंब गळू लागले, की आमच्या बायका "गुडघं दुखतात" असे सांगतात. ऐकणाराही समजूतदारपणे बाम आणून देतो. (पुरुषांचे मूत्राशय जागच्या जागी राहते. बिघाड झाल्यास ते रस्त्यात गाडी थांबवतात आणि इंजिन तापले म्हणतात.)

यावर गावाने उपायही शोधला आहे. पाणी पिऊ नये. दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला जायचे असल्यास आदल्या दिवसापासूनच पिऊ नये. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे जाऊच नये. या उपायाने बऱ्या झालेल्या बायका आज घरोघरी बसलेल्या आहेत. त्यांची तक्रार नाही.

सगुणाबाई त्यांतल्याच. लग्नात धवले गाण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते. पण वरचा सूर लावला की गुडघे दगा देत. म्हणून आधी गाणे सुटले, मग लग्ने सुटली आणि शेवटी खाडीपलीकडच्या नातीचा, प्राप्तीचा, साखरपुडाही सुटला. लेकीने अबोला धरला. जावयाने मोठ्या मनाने गुडघ्याचे पट्टे पाठवले. ते बांधून सगुणाबाई साखरपुड्याचे फोटो बघत आणि रडत. पट्टे उत्तम प्रतीचे होते.

प्राप्तीचे लग्न वैशाखात ठरले. त्याआधी पौषात गावात आरोग्य शिबिर भरले. डॉक्टर सुचिता (शहरातल्या, म्हणजे स्थानिक शरीररचनेविषयी अनभिज्ञ) सकाळपासून गुडघे वाकवून बघत होत्या. बहुतेक ठणठणीत निघाले. सगुणाबाईंचा नंबर लागला तेव्हा डॉक्टरांनी वैतागून विचारले, नक्की होतंय काय?

सगुणाबाईंनी एकदा मागच्या रांगेकडे पाहिले.

"गुडघं धडधाकट हायत, बाय. लघवी सुटते. नातीच्या हळदीला गायचं हाय मला."

'लघवी' हा शब्द आमच्याकडे फक्त भिंतीवर लिहितात, तोही 'करू नये' अशा ताकिदीसह. मग रांगेतल्या दुसऱ्या बाईचेही गुडघे बरे झाले, मग तिसरीचे.

डॉक्टरांनी सांगितले की पाणी नेहमीसारखे प्या, चहा आवरा, आणि लघवी रोखताना जे स्नायू आवळतात ते रोज आवळून सोडत जा, बसल्या जागी, कुणाला कळतही नाही. तेव्हापासून आमच्या बायका ओट्यावर गंभीर चेहऱ्याने बसलेल्या दिसतात. त्या विचार करू लागल्या की काय, या शंकेने पुरुषवर्ग धास्तावला आहे.

वैशाखात सगुणाबाई पोटभर पाणी पिऊन बोटीत चढल्या. हळदीला वरचा सूर लागला. थोडे गळलेही, पण आत घेतलेल्या कापडाच्या जाड घडीने ते सांभाळले. गाणे थांबले नाही, आणि प्राप्ती हळदीच्या हातांनीच डोळे पुसत राहिली.

आपण वाचक शिकलेसवरलेले. हे सारे खेड्यातच चालते, हे आपल्याला ठाऊक आहे. आपली आई दर लग्नाला "तुम्ही या जाऊन, मी घर सांभाळते" म्हणते, ते केवळ तिला घराची भारी काळजी म्हणून.